उणे दहा कुणाच्या खात्यावर?

गर्प्स नावाच्या खेळात तुमचं पात्र तिरसट, रागीट असेल तर तुम्हाला दहा गुण जास्तीचे मिळतात. पात्राला एकच हात असेल तर वीस मिळतात. पात्र अशा समाजातलं असेल की ज्याच्याकडे बाकीचे लोक तुच्छतेनं पाहतात, तर पुन्हा दहा. आणि तो समाज कुणाच्या गुलामीत असेल, तर वीस. मिळालेले गुण हवे तिथे खर्च करायचे : तलवारीचा हात बसवायला, घोड्यावर मांड पक्की करायला, चार भाषा शिकायला. हिशेब चोख आहे. स्टीव्ह जॅक्सन यांच्या अमेरिकन कंपनीनं हा खेळ १९८६ साली काढला आणि वरचे आकडे त्याच्या २००४च्या चौथ्या आवृत्तीतले आहेत. तापट डोक्याची आणि जन्मानं चिकटलेल्या कलंकाची किंमत तिथे एकच आहे. या पुस्तिकेचा सगळा खटाटोप त्या एका किमतीशी आहे.

ज्यांनी हा प्रकार कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाकडे एक पात्र असतं आणि त्या पात्राची माहिती एका कागदावर लिहिलेली असते. एक जण सूत्रधार असतो. तो जग उभं करतो, प्रसंग सांगतो, बाकीची सगळी माणसं बोलतो. संहिता नसते. ‘मी काय करतो’ हे खेळाडू सांगतो आणि जमलं की फसलं ते पुष्कळदा फासे ठरवतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’पासून, म्हणजे १९७४पासून, हा खेळ छापील रूपात आहे. बारामतीत आम्ही तो मराठीतून खेळतो. खेळणाऱ्यांत कॉलेजची मुलं आहेत, एमआयडीसीतून पाळी संपवून येणारे आहेत, दोन शिक्षक आहेत. सुरुवातीला आमचीही पात्रं परदेशी किल्ल्यांतून राक्षस मारत हिंडायची. मग कुणीतरी म्हणालं, कथा इथलीच का नको? नीरा डावा कालवा, ऊस, कारखान्याचा हंगाम, पालखी, उजनीचं पाणी, भिगवणचे पक्षी, एवढं सगळं दाराशी असताना ड्रॅगन कशाला? कथा इथे आणली आणि तिच्या मागोमाग जात आली. ती येणारच होती. प्रश्न एवढाच उरला की तिला कागदावर कुठे लिहायचं.

उणिवेच्या बदल्यात गुण देण्याची कल्पना मुळात वाईट नाही. १९८१ साली ‘चॅम्पियन्स’ या महानायकांच्या खेळानं ती व्यवस्थित मांडली. कुणी शत्रू पाठीवर आहे, खरी ओळख लपवायची आहे, एखादं माणूस आपल्यावर अवलंबून आहे, अशा प्रत्येक अडचणीचे गुण मिळत. त्यामुळे खेळाडू आपण होऊन अडचणी मागू लागले आणि कथेला खुंट्या मिळाल्या. नाहीतर प्रत्येकाचं पात्र देखणं, शूर, श्रीमंत आणि अनाथ असायचं. अनाथ अशासाठी की घरच्यांची कटकट नको. आपल्याकडे कर्ण मांडून बघा. कवचकुंडलं, धनुर्विद्या हे खर्चाच्या बाजूला. दानाचं व्रत, शाप, जन्माचं गुपित हे जमेच्या बाजूला. इथवर गणित सुरेख बसतं. मग ‘सूतपुत्र’ हा शब्द कुठल्या रकान्यात घालायचा, तिथे हात अडतो. व्रत कर्णाचं आहे, शाप कर्णाला आहे. पण रंगमंडपात कृपाचार्य कूळ विचारतात तो नियम मंडपाचा आहे. दुर्योधनाला हे पक्कं कळलं होतं. त्यानं कर्णाला बदलण्याच्या भानगडीत न पडता उभ्या उभ्या अंगदेशाचं राज्य दिलं.

आमच्या भागात ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास येतात. बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून त्यांनी पावसाळ्यातच उचल घेतलेली असते आणि हंगामभर ती फेडायची असते. गुणांच्या बदल्यात घेतलेली उणीव ही अशीच उचल आहे. आधी पैसे हातात, मग फेड. फरक इतकाच की कोयत्याकडून मुकादम पै न् पै वसूल करतो आणि खेळाच्या टेबलावर वसुली बहुधा विसरली जाते. खेळाडूनं ‘हीन समाज’ असं लिहून दहा गुण उचलले, त्यातून तलवार घेतली, आणि पुढच्या सगळ्या बैठकी राक्षस मारण्यात गेल्या. कलंक कागदाच्या कोपऱ्यात पडून राहिला. सूत्रधाराला आठवण झालीच तर तो कुठल्यातरी पाटलाच्या तोंडी एक शिवी घालतो आणि वसुली झाली असं समजतो. त्या शिवीची झळ लागते ती टेबलावर बसलेल्या अशा माणसाला, ज्यानं ते गुण घेतलेच नव्हते.

‘फेट’ या खेळानं यावर एक तोड काढली. उणिवेचे गुण आधी द्यायचे नाहीत. ती खरोखर आड येईल तेव्हा द्यायचे. हिशेब सुधारला, हे मान्य. पण मग अपमान होण्याची मजुरी मिळायला लागते, आणि हुशार खेळाडू अपमान शोधत हिंडतो. हे मला गर्प्सहून जास्त खटकतं.

आता प्रत्यक्ष काय घडतं ते पाहू. १९०१चा उन्हाळा. नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुलं साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाली. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. मुलं मसूर स्टेशनवर उतरली. निरोप पोचला नव्हता, त्यामुळे न्यायला कुणी आलं नाही. कपडे नीटनेटके होते, म्हणून स्टेशनमास्तर आधी आपुलकीनं बोलला. मग त्यानं तुम्ही कोण म्हणून विचारलं, आणि ‘महार’ म्हणताच त्याचा चेहरा पालटला, तो आत निघून गेला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. अखेर तोड निघाली ती अशी : भाडं दुप्पट, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानानं शेजारून पायी चालायचं. वाटेत प्यायला पाणी मिळेना. रात्री टोलनाक्यावर गाडीवानाच्या सल्ल्यावरून मुलांनी आपण मुसलमान असल्याचं सांगितलं, बोलणंही उर्दूत केलं. नाकेदारानं तरीही पाणी दिलं नाही. बाबासाहेबांनी हे सगळं पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे.

एका सूत्रधाराच्या नजरेनं हा प्रसंग पुन्हा वाचा. गर्प्समध्ये अनोळखी माणूस कसा वागेल यासाठी तीन फासे टाकतात आणि पात्र तुच्छ मानलेल्या समाजातलं असेल तर बेरजेतून दोन वजा करतात. तीन फाशांवर उणे दोन हा काही फार मोठा फटका नाही. नशिबानं सोळा पडले तर दोन वजा जाऊन चौदा राहतात, म्हणजे स्टेशनमास्तर खूश. एकदा आमच्याकडे हुबेहूब हेच झालं. भिगवण रस्त्यावरच्या एका कल्पित हॉटेलात पारधी पोराचं पात्र शिरलं, खेळाडूनं फासे टाकले, सतरा पडले, आणि सूत्रधारानं हॉटेलवाल्याला त्या पोराच्या गळ्यात पडायला लावलं. सगळे हसलो. खेळ म्हणून मजा आली, पण त्या सतरामध्ये हॉटेलवाल्याला रोज दिसणारं गिऱ्हाईक, त्याचा जातभाई पुरवठादार, समोरच्या पारावर बसून कोण आत जातंय ते बघणारी चार माणसं, हे सगळं पुसलं गेलं. मसूरच्या गाडीवानांनी काही मनात फासे टाकले नव्हते. प्रत्येकाचं उत्तर आधीच ठरलेलं होतं, कारण प्रत्येकावर बाकीच्यांची नजर होती. मुलांच्या हातात होतं ते त्यापुढचं : दुप्पट भाडं मोजायचं का, गाडी आपण हाकायची का, नाव लपवून बघायचं का. खेळात फासे टाकायचे ते इथे.

गर्प्समध्ये या उणिवेला आणखी एक शेपूट आहे. परके लोक उणे दोननं वागतात, तर आपल्या समाजातले अधिक दोननं. वाचायला न्याय्य वाटतं. आपल्याकडच्या कुणालाही यातली मेख लगेच कळेल. ज्या समाजाला गाव वेशीबाहेर ठेवतं, त्याच समाजाची जातपंचायत आतल्या मुलीला, आतल्या मुलाला वाळीत टाकते, दंड लावते. तसं नसतं तर महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करण्याची पाळी आली नसती. आपले लोक म्हणजे सरसकट अधिक दोन, हा बाहेरून पाहणाऱ्याचा समज आहे.

आणि पारध्याला कुठल्या रकान्यात बसवणार? गर्प्समध्ये ‘गुन्हेगारी नोंद’ अशीही उणीव आहे, उणे पाच. ती गुन्हा केलेल्या माणसासाठी. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातींना ती नोंद जन्माबरोबर दिली. १९११च्या नव्या कायद्यानं तो फास मुंबई इलाख्यातही आवळला. पोलिसांपुढे हजेरी, गाव सोडायला परवानगी, सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा गेला आणि तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण कायदा गेला म्हणून चोरी झाल्यावर पहिली जीप कुठल्या वस्तीवर जाते ते बदललं नाही, आणि इंदापूर-बारामतीच्या माळावर कुणालाही ते विचारून बघा. हे पारधी पात्राच्या कागदावर लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, याच्यात काहीतरी खोट आहे. तीच ओळ पोलीस चौकीच्या कागदावर लिहिली की खोट जिथे आहे तिथे दिसते.

तेव्हा या पुस्तिकेचा नियम साधा आहे. भेदभावाचे गुण कुणालाही मिळणार नाहीत आणि तो कुठल्याही पात्राच्या कागदावर लिहिला जाणार नाही. त्याच्यासाठी गावाचा स्वतंत्र कागद असेल. त्याला आम्ही ‘गावाची वही’ म्हणतो.

वहीत जागा लिहायच्या : पाणवठा, पार, देऊळ, चहाचं हॉटेल, चावडी, शाळा, स्मशान, कारखान्याचं गेट, भाड्यानं द्यायच्या खोल्या. प्रत्येक जागेपुढे दोन रकाने, ‘कागद’ आणि ‘रीत’. पहिल्यात कायदा किंवा ठराव काय म्हणतो ते, दुसऱ्यात प्रत्यक्ष काय चालतं ते. हे दोन रकाने आम्हाला महाडनं दिले. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळानं १९२३ला केला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाड नगरपालिकेनं १९२४ला चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. कागद चोख झाला आणि तळ्याला कुणी हात लावू शकलं नाही. २० मार्च १९२७ला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर उतरले तेव्हा ते दुसऱ्या रकान्यावर चालून गेले होते. पुढे १९७०च्या दशकात बाबा आढावांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम घेऊन खेडोपाडी विहिरी गाठल्या, तेव्हा अस्पृश्यतेला कायद्यानं बंदी होऊन वीस वर्षं उलटली होती. मोहिमेचं नावच बघा. त्यात माणसाला सुधारायची भाषा नाही, पाणवठ्याची आहे.

रकान्यांपुढे आणखी दोन गोष्टी लिहायच्या. रीत मोडली तर काय होतं आणि रीत चालू राहण्यात कुणाचा फायदा आहे. दुसरी ओळ भरताना टेबलावर हमखास शांतता पसरते. नमुना म्हणून पुस्तिकेत कालव्याकाठचं एक कल्पित गाव दिलं आहे. कालव्याच्या खालच्या अंगाला बागायत, वरच्या अंगाला जिरायत, आणि ओढ्यापलीकडे हंगामात उभ्या राहणाऱ्या पाचटाच्या कोप्या. शाळा कागदावर सगळ्यांची आहे. रीत अशी की कोपीवरची पोरं मागच्या भिंतीला बसतात, कारण ‘चार महिन्यांनी जाणारच आहेत’. मोडली तर काय होतं? फारसं काही नाही, गुरुजींना दोन फोन येतात. फायदा कुणाचा? पोरगं शाळेत रमलं तर उसाच्या मोळ्या वाहायला, धाकटं भावंड सांभाळायला कोण? म्हणजे मुकादमाचा, आणि घेतलेल्या उचलीमुळे नाइलाजानं आईबापांचाही. एवढ्या चार ओळींत तीन बैठकींचा खेळ भरला आहे, आणि त्यात कोपीवरच्या एका बीडच्या मुलीच्या पात्राला कुठलीही उणीव लागलेली नाही. तिच्या कागदावर आहे ते एवढंच : पाढे तीसपर्यंत पाठ, अंधारात वाट सापडते, भावाला कडेवर घेऊन पळता येतं.

खेळाडूंची पात्रं वहीतली रीत बदलू शकतात. म्हणूनच ती वेगळ्या कागदावर हवी. स्वतःच्या कागदावरची जात पात्राला खोडता येत नाही. पाणवठ्यापुढची ओळ खोडता येते, किंमत मोजून.

बाहेर या दिशेनं काहींनी आधी पावलं टाकली आहेत. ‘कॉल ऑफ क्थुलू’ हा भयकथांचा जुना खेळ लव्हक्राफ्टच्या कथांवर उभा आहे, आणि लव्हक्राफ्टचा वर्णद्वेष त्याच्या कथांतही उतरलेला आहे. क्रिस स्पायव्ही यांनी २०१७ साली ‘हार्लेम अनबाउंड’ लिहून तोच खेळ १९२०च्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्तीत नेला. त्यात समोर कोण आहे आणि प्रसंग कुठला आहे त्यावरून वर्णाचा ताण किती ते सूत्रधार धरतो. गुण कुणाला मिळत नाहीत. ज्युलिया बॉन्ड एलिंगबो यांच्या ‘स्टील अवे जॉर्डन’मध्ये (२००७) खेळाडू अमेरिकेतल्या गुलामांची पात्रं करतात आणि त्या पात्राची ‘किंमत’ सूत्रधार ठरवतो, खेळाडू नव्हे. हे वाचताना अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’नं २०२४च्या आवृत्तीत ‘वंश’ हा शब्द काढून टाकला. पाटी बदलली ते बरं झालं. एल्फांच्या गावात विहीर कुणाची, हे तिथे अजून कुणी विचारलेलं दिसत नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र नियमांचा नाही. कुणी कुणाचं सोंग घ्यायचं, हा आहे. दरवर्षी तुकोबांची पालखी आमच्या भागातून जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला गोल रिंगण, आणि मुक्कामाला भारुडं रंगतात. भारुड हा आपला जुना सोंगाचा खेळ. सोळाव्या शतकात पैठणच्या ब्राह्मण एकनाथांनी वेडीचं, वासुदेवाचं, भुत्याचं आणि जोहार घालणाऱ्या महाराचंही सोंग घेतलं. त्यांच्या काळात हे धाडस होतं आणि त्या सोंगाच्या तोंडून त्यांनी गावाला खडे बोल सुनावले. पण जोहार त्यांच्या दोन-अडीचशे वर्षं आधी चोखोबांनी घातला होता, आणि चोखोबांचं ते सोंग नव्हतं. भारुड संपल्यावर नाथ घरी जाऊ शकत होते. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर आहे, आणि देऊळ अस्पृश्यांना उघडलं ते १९४७ साली, साने गुरुजी उपोषणाला बसल्यावर.

म्हणून सोंग घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. नाथांनी घेतलं नसतं तर आपण गरीब झालो असतो. पण टेबलावर नाथ आणि चोखा दोघंही बसलेले असू शकतात, हे सूत्रधारानं धरून चालावं. ज्याच्या घरात ही गोष्ट घडून गेली आहे त्याला ‘खरंच असं असतं का रे?’ असं विचारून साक्षीला उभं करू नये. तो खेळायला आलाय, त्याला ड्रॅगन मारायचा असेल तर मारू द्यावा. शिव्या जशाच्या तशा उच्चारायची गरज नसते. ‘तो जातीवरून बोलला’ एवढ्यानं प्रसंग उभा राहतो, आणि चांगला सूत्रधार नुसत्या ग्लासावरून तो उभा करतो. हॉटेलवाल्यानं बाहेरच्या बाकावर चहा ठेवला, कागदी कपात, आत बाकीच्यांना काच. कुणी काही बोललं नाही. झालं.

कुठल्या गोष्टी खेळात येणारच नाहीत आणि कुठल्या आल्या तर पडद्याआड राहतील, हे पहिल्या बैठकीच्या आधी ठरवायचं. ही पद्धत रॉन एडवर्ड्स यांची. मध्येच कुणाला नको झालं तर टेबलावरच्या फुलीच्या पत्त्याला बोट लावायचं आणि कारण न विचारता प्रसंग पुढे न्यायचा. ती जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांची. दोन्ही जशाच्या तशा घेतल्या आहेत, त्यात आमची भर काही नाही.

एक आक्षेप हटकून येतो. दिवसभर हेच बघतो, संध्याकाळी खेळातही हेच का? आक्षेप रास्त आहे, आणि ज्याला तसं वाटतं त्यानं ही पुस्तिका मिटून ठेवावी; राक्षस मारण्यात काहीच कमीपणा नाही. पण एकदा कथा कालव्याकाठी आणायचं ठरवलं, की जात गाळलेलं गाव हे ड्रॅगनपेक्षा जास्त कल्पित होतं.

खेळायला बसणाऱ्यांना एक विनंती. पहिल्या बैठकीत पात्रं तयार करू नका. फासे डब्यातच राहू द्या. नमुना गावाची वही बाजूला ठेवा आणि सगळ्यांनी मिळून आपापल्या गावाची वही भरा : पाणवठ्यापासून भाड्याच्या खोल्यांपर्यंत, दोन्ही रकाने. ‘आमच्याकडे असलं काही नाही’ असं कुणी म्हणालं तर स्मशानाची ओळ त्याला भरायला द्या.